‘थोडक्यात वाचलो’ची वही

सिस्टर, तुमच्या तेरवीला मी बाळापूरला आलो होतो आणि तुमच्याच अंगणात उभा राहून खोटं बोलून परत आलो. हे आधीच सांगून टाकतो. तुम्हाला पाल्हाळ खपायचं नाही. मी मीटिंगमध्ये ‘सर्वप्रथम’ म्हटलं की तुम्ही मनगटावरचं घड्याळ बघायच्या.

पंगती उठल्या होत्या. इंगळे काका, तुमचे यजमान, मला हाताला धरून गोठ्याच्या बाजूला घेऊन गेले. आधी टोपी काढली, परत घातली, परत काढली. मग म्हणाले, "साहेब, एक इचारू काय? त्या दिवशी दुपारी त्या पोट्टीनं मले काहीतरी इचारलं. मी मान हलवली. मंग तिनं सुई देल्ली न मंग हिले घाम सुटला. माया मान हलवण्यानं काही झालं काय?"

"नाही काका," मी म्हणालो. "तसं काही नाही. सिस्टरचं हृदयच थकलं होतं."

"खरं सांगून राहिले न?"

"खरं."

त्यांनी मान डोलावली आणि बुंदीची पुडी माझ्या हातात दिली, घरच्या लेकरांसाठी. ती पुडी मांडीवर घेऊन मी अकोल्यापर्यंत एसटीत बसलो आणि अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेत. घरी काही ती कोणाला देववली नाही. माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे, तिला मुंग्या लागल्या आहेत.

अकरा वर्षांपूर्वी मी पुण्याहून दवाखाना चालवण्याचं शिक्षण घेऊन अमरावतीला परत आलो, तेव्हा आपल्या साठ खाटांच्या दवाखान्यात तुम्ही मुख्य परिचारिका होता. तुम्हाला सगळे ‘मोठ्या सिस्टर’ म्हणायचे, ज्यांचा दवाखाना ते डॉक्टरसाहेबसुद्धा. माझ्या खोलीच्या दारावर ‘गुणवत्ता व जोखीम व्यवस्थापन’ अशी पाटी लागली. तुम्ही ती पाटी मोठ्यानं वाचलीत आणि आत डोकावून विचारलंत, "म्हंजे काय करता जी तुमी?" मी सांगितलं, दवाखान्यात कुठे काय चुकू शकतं ते आधी शोधायचं आणि चुकायच्या आत थांबवायचं. तुम्ही म्हणालात, "अस्सं. मंग मी तीस वर्षं काय करून राहिली?"

मी तेव्हा तिशीचा, अंगात पुण्याचं वारं. चोवीस खणांचा एक तक्ता छापून आणला होता. प्रत्येक धोक्याला गुण द्यायचे: होण्याची शक्यता किती, झाला तर नुकसान किती, दोन्हींचा गुणाकार. आकडा मोठा आला तर लाल, मधला आला तर पिवळा, लहान आला तर हिरवा. तुम्ही चष्मा लावून तो तक्ता डावीकडून उजवीकडे वाचत गेलात. "एवढे खण भरेपर्यंत पेशंट मरून जाईन," म्हणालात. मग परत पहिल्यापासून वाचलात आणि म्हणालात, "याच्यात भेवाचा खण कुठं हाय?"

"कसलं भेव?"

"ज्याच्या हातून चुकलं त्याचं. तो भेला तर तुले सांगणार नाई. त्यानं नाई सांगितलं तर तू लाल-पिवळं काय रंगवशीन?"

पहिल्याच दिवशी तुम्ही मला ‘जी’वरून ‘तू’वर आणलंत. लोकांसमोर ‘साहेब’ आणि दार लागलं की ‘दिनेश’. भेवाचा खण काही मी तक्त्यात वाढवला नाही.

आठ दिवसांत तुम्ही वही सुरू केलीत. जाड पुठ्ठ्याची लांब वही, गॉजच्या पट्टीनं बांधलेलं पेन. ती तुम्ही काउंटरवर ठेवली नाही, नर्सेसच्या चहाच्या खोलीत खिळ्याला टांगली. काउंटरवर ठेवली तर डॉक्टर वाचतील आणि डॉक्टर वाचतील म्हटलं की कोणी लिहिणार नाही. वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलंत, ‘थोडक्यात वाचलो’. प्रत्येक नोंदीला दोनच ओळी. वरच्या ओळीत काय चुकलं, खालच्या ओळीत कशामुळे वाचलो. नाव पेशंटचंही लिहायचं नाही आणि ज्याच्या हातून चुकलं त्याचंही नाही.

शनिवारी चारला, बाळापूरला घरी जायच्या तुमच्या अकोल्याच्या गाडीच्या आधी, तुम्ही आठवड्याच्या नोंदी वाचून दाखवायच्या. त्यासाठी कोपऱ्यावरून गिला वडा मागवायच्या. दह्याचे हात पुसत पोरी ऐकायच्या. एकसारख्या दिसणाऱ्या दोन औषधांच्या बाटल्या एकाच फळीवर. ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी चौकीदाराच्या खिशात आणि चौकीदार जेवायला घरी. संडासाची कडी आतून अडकते, एक आजी अर्धा तास आत. झाडझूड करणाऱ्या मावशीला लिहिता येत नव्हतं, ती सांगायची आणि दुसरी कोणी लिहायची. सोमवारी तुम्ही परत येईपर्यंत बाटल्या वेगळ्या झालेल्या असायच्या, कडी बदललेली असायची. माझ्या तक्त्यात त्या वर्षी सात धोके होते. मी ते तीन रंगांत रंगवून डॉक्टरसाहेबांना सादर केले होते, शाबासकीही मिळवली होती.

आणि तो उखाणा. तो मी कोणालाही सांगायला लागलो की माझं मलाच हसू यायचं. आता येत नाही.

खेड्यावरून आलेला एक म्हातारा पेशंट ग्लानीत होता, त्याला रक्त लावायचं होतं. पोरीनं बाटली हातात घेऊन त्याच्या बायकोला विचारलं, "तुळशीराम ना हे?" बाईनं मान हलवली. तुम्ही मागे उभ्या होता. म्हणालात, "थांब. नाव सांगू नको, इचार." मग त्या बाईला म्हणालात, "नाव काय जी यायचं?" बाईनं पदर तोंडात धरला. काही केल्या बोलेना. "बरं, उखाण्यात घ्या," तुम्ही म्हणालात. सगळा वॉर्ड कान टवकारून बसला. बाई लाजत लाजत म्हणाली, "हिरव्या तुरीच्या शेंगा उकडल्या भगुण्यात, नामदेवराव माझे निजले दवाखान्यात."

वॉर्डात हशा पिकला. तुम्ही हसला नाहीत. बाटली पलीकडच्या खाटेवरच्या तुळशीरामची होती. बाईला तेव्हाच कळलं होतं की नाव चुकीचं आहे, पण नाही म्हटलं असतं तर खरं नाव सांगावं लागलं असतं.

माझी आई वलगावची, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या विकून आम्हाला शिकवलं तिनं. बाजारात ती कोणाच्या बापाला ऐकत नाही. पण शाळेच्या फॉर्मसाठी वडिलांचं नाव विचारलं तर म्हणाली होती, "तुया बापाचं नाव तुले माईत नाई काय?" म्हणजे ही गोष्ट मला जन्मापासून ठाऊक होती. माझ्या चोवीस खणांत तिला जागा नव्हती एवढंच. तुम्ही त्याच दिवशी भिंतीवर कागद लावलात: पूर्ण नाव विचारा, गाव विचारा, आपण सांगू नका, घरच्यांनी मान हलवली तर ती ओळख समजू नका.

पुढे माझे बाबा आपल्याकडे भरती झाले तेव्हा तुम्ही इंजेक्शन हातात घेऊन माझ्या आईला नाव विचारलंत. मी वैतागलो. म्हटलं, सिस्टर, माझे वडील आहेत, सगळा दवाखाना ओळखतो. "म्हणूनच इचारून राहिली," तुम्ही म्हणालात. "ओळखीच्या माणसाले कोणी इचारत नाई." आईनं नाव घेतलं, उखाणा न घेता, हळूच. बाबा गेले त्या रविवारी तुम्ही बाळापूरहून भाकरी आणि ठेचा बांधून आणलात आणि मला जिन्यात बसवून खायला लावलंत. मी रडत होतो आणि ठेच्यानं नाकातून पाणी येत होतं, लोकांना वाटलं तिखटच लागलं. त्याबद्दल मी तुम्हाला कधी नीट थँक्यूसुद्धा म्हटलं नाही.

आता जे मी केलं ते. वहीत एकदा नोंद आली की ऑपरेशनच्या आधी पेशंटची कवळी काढायची राहून गेली, भुलीच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं म्हणून वाचलो. ते त्या पेशंटच्या मुलापर्यंत पोहोचलं. त्यानं आरडाओरडा केला. डॉक्टरसाहेब म्हणाले, कोण होतं ते शोध. मला शोधायचीही गरज नव्हती, अक्षर माझ्या ओळखीचं होतं. बडनेऱ्याची पोर होती. मी तिला ‘कारणे दाखवा’ नोटीस दिली, ठसठशीत तिचं नाव घालून. तिनं कारण दाखवलं नाही, राजीनामा दिला आणि अकोल्याच्या कुठल्याशा दवाखान्यात निघून गेली.

तुम्ही माझ्या खोलीत आलात आणि दार लावून घेतलंत.

"तू वहीतून नाव काढलं."

"सिस्टर, जबाबदारी कोणाची तरी असायला पाहिजे. नावच नाही म्हटल्यावर सुधारेल कोण?"

"नाव लिवलं का माणूस पळून जाते न चूक तिथंच राह्यते."

"मग काय सगळ्यांना माफ करायचं?"

"माफ कोण म्हणून राहिलं? मी म्हणते, आधी दिसू तर दे."

हे भांडण आपलं कधी संपलंच नाही. कॉरिडॉरमध्ये, स्कूटर स्टँडवर, तुमच्या निरोप समारंभात शाल अंगावर असताना आपण तेच भांडलो. खरं सांगू, मी पूर्ण चूक होतो असं मला आजही वाटत नाही. काही चुका आळसाच्या असतात, काही मुजोरीच्या असतात, आणि तिथे नाव लागतं. तुम्ही यावर काय म्हणाला असता तेही मला माहीत आहे. पण आता तुमच्या वतीनं मीच बोलायचं आणि माझ्या वतीनंही मीच, याला काही अर्थ नाही.

त्या शनिवारी वहीत काहीच नव्हतं. पुढच्याही नव्हतं. तरी चार-पाच शनिवार तुम्ही वडे मागवलेत, पोरी खाली बघून खायच्या, मग तुम्ही मागवणं बंद केलंत. वर्षअखेरीला तपासणीची समिती आली. वहीची कोरी पानं उलटून ते लोक खूश झाले आणि अहवालात ‘एकही घटना नाही’ असं लिहून गेले. पेढे वाटले गेले. तुम्ही पेढा घेतला नाही. मला म्हणालात, "वही कोरी हाय म्हंजे चुका थांबल्या नाई, दिनेश. आपल्याले दिसणं थांबलं."

मग तुम्ही निवृत्त झालात. दवाखान्याला रंग दिला तेव्हा भिंतीवरचा कागद निघाला. तो परत लावायचं काम माझं होतं.

या महिन्यात तुम्हाला दम लागायला लागला. बाळापूरहून अकोला तासाभरात येतं आणि अकोल्यात दवाखान्यांना काय तोटा आहे. काका तेच म्हणत होते. तुम्ही ऐकलं नाही. "माया दवाखान्यात नेऊन घाला," म्हणालात, आणि सगळा अकोला ओलांडून अमरावतीला आलात. तुमच्या पायांना, हातांना सूज होती. जुन्या पोरी धावत आल्या, मावशी तुमचे पाय चेपत बसली. सात नंबरची खिडकीजवळची खाट दिली. सगळा दवाखाना तुम्हाला ओळखत होता.

मनगटावरची नावाची पट्टी सुजेमुळे रुतायला लागली म्हणून कापली, ती परत कोणी बांधली नाही. मोठ्या सिस्टरना कशाला पट्टी. अर्धा स्टाफ नवा, त्यांना ‘मोठ्या सिस्टर’ म्हणजे कोण तेच ठाऊक नाही. त्या दुपारी एक नवी पोर दोन वॉर्ड सांभाळत होती, कारण दुसरी रजेवर होती आणि बदली द्यायचं मी टाळलं होतं. तिला तोंडी निरोप मिळाला, खिडकीजवळच्या कुसुमबाईंना जेवणाआधीचं इन्सुलिन द्यायचं. खिडक्या दोन्ही बाजूंना आहेत. अकरा नंबरवर वलगावच्या कुसुमबाई होत्या, साखरेच्या आजाराच्या. सात नंबरवर तुम्ही झोपल्या होता, नावानं तुम्हीही कुसुमच, आणि स्टुलावर काका बसले होते.

तिनं विचारलं, "कुसुमबाई ना या?"

काकांनी मान हलवली.

तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितलं होतं की बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण म्हातारे पुरुष त्याहून घेत नाहीत. "आमच्या यायनं माय नाव कधीच घेतलं नाई. ‘अवं’ म्हंतात. माय नाव त्याईनं आधार कार्डावर वाचलं असन," असं म्हणून तुम्ही पोट धरून हसायच्या.

अर्ध्या तासात तुम्हाला घाम फुटला, हात थरथरायला लागले. तुम्ही डोळे उघडलेत आणि तुम्हीच म्हणालात, "साखर पाह्य माई. आत्ता." मशीनवर आकडा आला तो बघून पोरीचा चेहरा पांढरा पडला. लगेच शिरेतून ग्लुकोज गेलं. थोड्या वेळानं तुम्ही भानावर होता, ती पोर भिंतीला टेकून रडत होती आणि तुम्ही तिचं मनगट धरलं होतं. काकांना तुम्ही चहाला पाठवून दिलं होतं. मला बघून म्हणालात, "वहीत लिव. आजच्या आज. पोट्टीचं नाव नको." मग भिंतीकडे बघून विचारलंत, "माया कागद कुठं गेला?"

मी लिहितो म्हणालो. डॉक्टरसाहेबांना सांगायला गेलो. ते म्हणाले, साखर लगेच वर आली ना, नुकसान काही झालं नाही, पुढच्या महिन्यात तपासणी आहे, वही राहू दे. त्यांनी मला दरडावलं नाही, धमकी दिली नाही. मलाच ते ऐकून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या खाटेशी आलो. "लिवलं?" तुम्ही विचारलंत.

"हो सिस्टर."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. "वाचून दाखव."

दुपारी वही घेऊन येतो म्हणालो. दुपारी मला मीटिंग होती. मीटिंग दीड तासात संपली, त्यानंतरही मी आलो नाही. मी खोलीत बसून फायली चाळत होतो, सिस्टर, एकही वाचत नव्हतो. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला तुम्ही गेलात.

डॉक्टरसाहेब म्हणतात, त्या इंजेक्शनचा काही संबंध नाही. हृदय फार थकलं होतं, चार-आठ दिवस इकडेतिकडे. ते खोटं बोलत नसावेत. पण मला माहीत नाही, आणि आता ते कधी कळणारही नाही. मला एवढं माहीत आहे की तुम्ही भरवसा ठेवून एवढ्या लांब आलात आणि शेवटची गोष्ट माझ्याकडून जी ऐकली ती खोटी होती. मला तुमची फार आठवण येते. अजूनही शनिवारी चार वाजले की मी खुर्चीवरून उठतो आणि मग परत बसतो.

तेरवीनंतर मला झोप लागेना. डोळे मिटले की काका टोपी काढताना दिसायचे. परवा मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं की मी बाळापूरला जाणार आहे, आणि वहीतही लिहिणार आहे. ते म्हणाले, "तुझ्या नोकरीचं मग मला काही सांगता येणार नाही." ती पोर दोन दिवस कामावर आली नव्हती, तिला फोन करून सांगितलं की तुला नोटीस येणार नाही. तिला ते खरं वाटलं नाही. माझं का खरं वाटावं, मी कोण लागून गेलो.

काल गेलो. काका ओट्यावर बैलाचं दावं वळत बसले होते. मी म्हटलं, "काका, तेरवीला मी तुमच्याशी खोटं बोललो." मग सगळं सांगितलं. सुई दुसऱ्या कुसुमबाईंची होती. म्हटलं, तुमची मान खरीच होती, कारण सिस्टरचं नाव कुसुमच होतं. चूक आमची. आम्ही नाव विचारायला पाहिजे होतं, आम्ही सांगितलं. त्यांचे हात दाव्यावर थांबले होते.

"म्हंजे त्या सुईनं गेली काय ती?"

"माहीत नाही काका. डॉक्टर नाही म्हणतात. मला खरंच माहीत नाही."

"सुई आपली नव्हती हे तिले समजलं होतं काय?"

"हो. त्यांनीच तर ओळखलं."

"मले नाई सांगितलं तिनं," काका म्हणाले. "मले म्हणे, साखर कमी झाली, तुमी चहा पिऊन या."

आतून सुनेनं पाणी आणून ठेवलं. ते कोणी प्यायलं नाही. काकांनी दावं बाजूला ठेवलं. "त्या पोट्टीनं मले नाव इचारलं असतं, तर म्या घेतलं असतं काय? तेच पाहून राहिलो," ते म्हणाले. "नसतं घेतलं, साहेब. लाजलो असतो. म्हटलं असतं, फायलीत पाहा."

उन्हं ओट्यावरून खाली सरकली. माझी एसटी निघून गेली असावी.

"तिच्या त्या वहीत लिवसान न हे?" त्यांनी विचारलं. वही त्यांनाही माहीत होती.

"लिहिणार आहे."

"नाव?"

"नाव लिहीत नाही आम्ही काका. सिस्टरचाच नियम आहे."

"त्या पोट्टीचं लिवू नका. तिले लेकरू असन, माय-बाप असन. हिचं लिवा." ते थांबले. घराच्या दाराकडे एकदा बघितलं, टोपी काढून मांडीवर ठेवली. ओठ दोनदा हलले आणि आवाज आला नाही. मग म्हणाले, "कुसुम." मी मान खाली घातली. "कुसुम गोविंदराव इंगळे. गाव बाळापूर. लिवा. मी सांगून राहिलो न."

आज सकाळी वही कपाटातून काढली. पेनाची गॉजची पट्टी कुजली होती, नवी बांधली. चहाच्या खोलीत चार जणी होत्या, ती नवी पोरही होती. त्यांच्यासमोरच मी वरच्या ओळीत लिहिलं: ‘कुसुम गोविंदराव इंगळे, बाळापूर. नाव विचारलं नाही, सांगितलं. दुसऱ्याचं इन्सुलिन दिलं गेलं. पट्टी बांधली नव्हती, बदलीची नर्स दिली नव्हती, भिंतीवर कागद नव्हता. ही वही मी बंद पाडली होती. दिनेश.’ तुमचा नियम दोनदा मोडला, एकदा काकांसाठी आणि एकदा माझ्यासाठी. त्यावर भांडायला तुम्ही नाही.

खाली दुसरी ओळ असते, ‘कशामुळे वाचलो’. ती मी कोरी सोडली आहे, सिस्टर.